टेलरमास्तरांची तिसरी ट्रायल

ज्यांच्या नुसत्या नजरेनं कोंबडीसुद्धा पोट आत घेऊन ताठ उभी राहावी, असे गृहस्थ जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून एकच, आणि ते आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक आहेत. हे मी उगाच म्हणत नाही, डिंगोऱ्याला त्यांच्या अंगणात डोळ्यांनी पाहिलं आहे. उकिरडा उकरणाऱ्या, एकमेकींच्या चोचीतला किडा पळवणाऱ्या वीस-पंचवीस काळ्या कोंबड्या, आणि हे गृहस्थ दारातून बाहेर येऊन गळ्यातली टेप सारखी करताहेत तोच शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी सगळीकडे शांतता. टेप अशासाठी, की त्यांचं सगळं आयुष्य नारायणगावात शिवणकामात गेलं. बाजारपेठेतल्या दोन पिढ्यांच्या शाळेच्या चड्ड्या आणि निम्म्या गावाचे लग्नाचे कोट त्यांच्या हातचे. साठी आल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, मशीन डिंगोऱ्याच्या घरी नेऊन ओसरीवर ठेवलं आणि कडकनाथ कोंबड्या पाळायला घेतल्या. दुकान सुटलं, पण टेप गळ्यातून सुटली नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मीही तेच म्हणतो.

आमची ओळख जाळीवरून झाली. आमचं नारायणगावात पाइप, पत्रे, तारेची जाळी असल्या मालाचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले, आणि आता घरात मारवाडी उरली आहे ती आईच्या रागावण्यापुरती. आम्ही जैन. तेव्हा वडील हयात होते आणि गादीवर तेच बसत. मास्तर आले ते बिबट्या शिरणार नाही अशी जाळी मागायला. त्यांनी जाळीचा गठ्ठा उलगडला आणि तिच्या एकेका चौकटीत बोट घालून पाहायला सुरुवात केली. अर्धा तास झाला. वडिलांनी विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

"कोंबड्या ठेवायच्यात."

वडिलांचा चेहरा उतरला. "मास्तर, जीव मारायच्या कामाला माल देणं आम्हाला जड जातं."

मास्तरांनी जाळीतून बोट काढलं नाही. "मारायला सुरी लागती, शेट. जाळी ठेवायला लागती. सुरी तुमी इकत न्हाई, मला ठावं हाय."

वडिलांनी बिलबुक ओढलं. जाळी गेली, आणि ती पोचवायला मी गेलो.

मास्तरांचं मत असं, की देवानं माणसापासून कोंबडीपर्यंत सगळं घाईत शिवलेलं आहे. कुठे खांदा उतरता, कुठे बाही आखूड, कुठे टाका सुटलेला. माणसानं निदान आपल्या अंगणापुरतं तरी ते निवडून नीट करावं. या मतापायी त्यांच्या नात्यातलं एक लग्न मोडता मोडता राहिलं. कळंबला पुतणीसाठी मुलगा बघायला गेले होते. चहा झाला, पोहे झाले, बोलणी रंगात आली, आणि मास्तर उठून मुलाच्या मागे गेले. त्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पावणं, जरा दारापातुर चालून दाखवा." मुलाच्या बापाचा कप बशीवर आपटला. मुलगा बिचारा चालला. "डावा खांदा अर्धा इंच खाली हाय," मास्तरांनी निकाल दिला, "पण चाल सरळ. द्या पोरगी." आज त्या जोडप्याला दोन मुलं आहेत आणि दोघांचेही डावे खांदे मास्तर दर दिवाळीला तपासतात.

दुसरी गोष्ट बिबट्याची. जाळी पक्की होती, पण एका संध्याकाळी कोंबड्या आत घेताना एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, बाहेर राहिली, आणि उसातून येऊन बिबट्यानं ती काकूंच्या देखत उचलली. काकू म्हणजे मास्तरांची बायको. त्या भिंतीला टेकून थरथरत होत्या. मास्तर कंदिलासारखा मोबाइल धरून सांडलेली पिसं निरखत होते. "बगितलं का," ते म्हणाले, "कुंपणापाशी शेजाऱ्याच्या चार गावरान व्हत्या, त्यांना शिवला न्हाई. बराबर माझी एक नंबरची तलंग उचलली. जनावराला परख हाय राव!" काकूंनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मास्तरांच्या ते लक्षात आलं नाही, कारण ते त्या दोन दिवसांत उरलेल्या तलंगा पुन्हा मोजून कुठली खरी एक नंबरची होती हे ठरवत होते.

पण त्यांचं खरं रूप बघायचं तर आखाडातल्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी त्या वर्षीच्या पिल्लांतून पुढच्या पैदाशीचा कोंबडा निवडला जातो. कडकनाथ स्वतःची अंडी धड उबवत नाही, म्हणून ती पौष-माघात गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवतात, आणि आखाडापर्यंत नर पुरते वाढलेले असतात. पंधरा-अठरा कोंबडे, सगळे एकसारखे काळे. त्यातून मास्तर फक्त दोन ठेवत. एक कोंबड्यांत सोडायचा, एक राखीव. बाकीचे आखाडातच संपत, नातेवाइकांकडे आणि स्वतःच्या चुलीवर. त्या दिवशी त्यांच्या घरात मिक्सर लावायला बंदी असे. मोबाइल पिठाच्या डब्यात जाई. शेजारी शिंकला तरी मास्तर भिंतीपलीकडे बघून "झालं का?" असं विचारत. निवडीच्या तीन पायऱ्या. पहिली कच्ची शिलाई, म्हणजे लांबून उभं राहणं आणि चाल पाहायची. दुसरी ट्रायल अस्तराची. चोच उघडून जीभ, पापणी, पंखाखालची कातडी, सगळं काळं आहे ना बघायचं. "वरचं कापड कुनीबी काळं घिल," ते म्हणत, "अस्तर उलटून बगावं." जिभेच्या मुळाशी जरा लाली दिसली की "अस्तर लाल, बाद!" असा आवाज येई आणि मला उगाच आपलीच जीभ चाचपावीशी वाटे.

तिसरी ट्रायल सगळ्यांत कठीण. तोवर पाच-सहाच उरलेले असत. मास्तर पाटावर बसत आणि डोळे मिटून घेत. देखणं पीस डोळ्याला लाच देतं, बोटाला कोणी लाच देऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू एकेक कोंबडा त्यांच्या मांडीवर ठेवत. मास्तरांची बोटं छातीच्या हाडावरून वरून खाली जात, कापडावरची शिवण सरळ आहे का ते बघावं तशी. एक फेरी मुकी. दुसऱ्या फेरीत निकाल. तो कोंबडा मग डावीकडे मला दिला जाई, आणि मी त्याच्या पायात चिंधी बांधायची. ठेवायचा असेल तर पांढरी, बाद असेल तर लाल. चिंध्या त्यांनीच जुन्या अस्तराच्या कापडातून बेतलेल्या असत. पांढऱ्या बरोबर दोन.

हे काम माझ्याकडे कसं आलं तेही त्यांच्याच डोक्यातून. त्यांनी आधी भाऊबंद बसवून पाहिले, मित्र बसवून पाहिले. "खानाऱ्याची नजर मांडीवर जाती, शेट," ते मला म्हणाले. "चिंधी बांधताना त्याच्या तोंडाला पानी सुटतं. हात खरा राहात न्हाई. तुमी खात न्हाई. तुमचा हात निर्मळ." वडिलांना मी सांगत असे की डिंगोऱ्याला गिऱ्हाइकाकडे जाऊन येतो. ते खोटं नव्हतं. मी अकरा वर्षं गेलो. काकू माझ्यासाठी वेगळ्या तव्यावर भाकरी आणि कांदा-लसूण न घातलेलं पिठलं करत. त्या पाटाच्या डावीकडे बसण्याचा मला अभिमान होता. दुकानात दिवसभर मी काय विकतो याला काही अर्थ आहे असं मला कधी वाटलं नाही. आखाडातला तो एक दिवस मात्र माझ्या हाताला कोणीतरी निर्मळ म्हणत असे.

आणखी एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यानंच घडलं. चिंधी बांधून झाली की त्या कोंबड्याला मास्तर पुढच्या आखाडापर्यंत हात लावत नसत. "शिवून झालेल्या कापडाला परत टेप लावायची न्हाई. मंग मानूस शंकेखोर व्हतो." त्यांनी पाटावर बसल्यावर डोळे उघडून माझ्या हाताकडेही कधी पाहिलं नाही.

त्या वर्षी तिसऱ्या ट्रायलला पाच कोंबडे होते. बाहेर भुरभुर चालू होती. पहिल्याला पांढरी चिंधी मिळाली, तो राखीव म्हणून काकूंनी बांबूच्या डालीखाली झाकला. दुसरा बाद. तिसऱ्यावर मास्तरांची बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा आली. "हाड वाकडं. लाल." आणि तो माझ्याकडे आला.

मी अकरा वर्षं कोंबडे हातात घेत होतो, ते फडफडत, नखं मारत. हा फडफडला नाही. त्यानं मान माझ्या काखेत घातली आणि तसाच राहिला. सदऱ्यातून त्याचा श्वास लागत होता. मी त्याचा पाय धरला. लाल चिंध्या उजव्या खिशात असत, पांढऱ्या डाव्या. तुम्ही म्हणाल की अकरा वर्षांत किती लाल चिंध्या बांधल्या, त्याच वेळी काय झालं? मला सांगता येत नाही. आधीच्या आठवड्यात आईनं घरात मुंगीवर पाय पडला म्हणून दिवसभर तोंडात पाणी घेतलं नव्हतं. ते आठवलं असेल. माझा हात डाव्या खिशात गेला आणि मी उरलेली पांढरी चिंधी त्याच्या पायात बांधली. काकू चौथा कोंबडा आणायला वळल्या होत्या. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते. मला त्या क्षणी फार हलकं वाटलं. मी एक जीव वाचवला होता.

चौथा कोंबडा मास्तरांच्या मांडीवर बसला. त्यांची बोटं एकदाच खाली उतरली, आणि चेहऱ्यावर असं हसू आलं की मी ते आधी पाहिलं नव्हतं. "ह्यो," ते म्हणाले. "ह्योच! काय सुतात हाड हाय. असा पाच वर्सात हाताला लागला न्हवता. पांढरी बांदा, शेट."

मी डाव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

हे माझ्या आधी ध्यानात कसं आलं नाही, असं मी स्वतःला किती वेळा विचारलं आहे. मी व्यापारी माणूस. चिंध्या दोन, कोंबडे दोन, हा हिशेब पोरालाही कळेल. एकाला दिली की दुसऱ्याची गेली. कोंबडा माझ्या हातात फडफडत होता. नुसतं "मास्तर, चुकलं" एवढं म्हणायचं होतं. ते चिडले असते, चिंध्या बदलल्या असत्या, दहा मिनिटांत विषय संपला असता. पण निर्मळ हाताच्या माणसानं, तिसऱ्या ट्रायलमध्ये, हे म्हणायचं कसं? काकू आता माझ्याकडेच येत होत्या. मी उजव्या खिशातली लाल चिंधी काढली आणि त्या कोंबड्याच्या पायात बांधली. गाठ नेहमीपेक्षा घट्ट बसली, आणि काकू पोचायच्या आत मी त्याला बाकीच्या काळ्यांत सोडलं.

दुपारी ओसरीवर मी माझं पिठलं-भाकरी जेवत होतो. आत चुलीवर रस्सा शिजत होता. मास्तरांनी आतून हाक मारली, "शेट, औंदाचा कोंबडा बगा तुमी! दोन वर्सांत पश्चिमेच्या वाड्यांवर पोचतो का न्हाई त्येचा वंश!" मी हो म्हणालो. ज्याचा वंश पोचायचा होता तो पातेल्यात होता. मी कोणाला वाचवलं नव्हतं. एकाच्या जागी दुसरा दिला होता, आणि तोही सगळ्यांत चांगला.

दोनेक महिन्यांनी संवत्सरी आली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. मी दरवर्षीप्रमाणे हात जोडलेल्या चित्राखाली 'मिच्छामि दुक्कडम्' लिहिलेला संदेश शंभर-सव्वाशे लोकांना एका बोटानं पाठवला. त्यात मास्तरांचा नंबर होता. त्यांचं उत्तर आलं, अंगठा. मी तो अंगठा बरेच दिवस माफी म्हणून वापरला.

पुढच्या आखाडात मी गेलो, कारण न जाणं जास्त संशयाचं झालं असतं. कच्ची शिलाई झाली, अस्तर झालं. सगळं काळंभोर, मास्तर खुशीत. तिसऱ्या ट्रायलला सात उरले. ते पाटावर बसले, डोळे मिटले. पहिल्यावर बोटं उतरली आणि थांबली. "वाकडं." दुसरा. "वाकडं." तिसऱ्यावर ती दोनदा फिरली. "वाकडं." चौथा ठीक निघाला. पाचवा वाकडा. मुकी फेरी त्यांनी केलीच नव्हती, पहिल्यापासून बोलतच होते, आणि आवाज एकेका कोंबड्याबरोबर बारीक होत होता. सातवा झाल्यावर त्यांनी तो खाली सोडला. मग काकूंना म्हणाले, "यांच्या बापाला आना."

काकूंनी वर्षभर कोंबड्यांत राज्य केलेला तो मोठा कोंबडा आणला. मास्तरांनी त्याच्या छातीवर बोटं ठेवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. चेहरा बदलला नाही, बोटं तेवढी पुन्हा एकदा वरून खाली गेली.

"शेट, याच्या पायात चिंधी कंची हाय?"

"पांढरी," मी म्हणालो.

ते खरं होतं. त्या दिवशी मी तेवढा एकच शब्द बोललो, आणि तो खरा होता.

मास्तरांनी डोळे उघडले, आणि कोंबड्याकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात उताणे करून, मग पालथे करून. "मीच पास केलाय," ते काकूंना म्हणाले. "याच बोटांनी. मंग बोटंच गेली म्हनायची."

त्यानंतरचं एक वर्ष मी विसरू शकत नाही. मास्तर वर्षाकाठी पाच-सहा घरांना उबवायची अंडी देत. भातशेतीच्या पश्चिम पट्ट्यातल्या बायका कोंड्याच्या टोपलीत अंडी ठेवून सांभाळून नेत, कारण मास्तरांकडचं म्हणजे अस्सल. त्या वर्षी डिंभ्याच्या वरच्या अंगाची एक बाई टोपली घेऊन आली, तर मास्तरांनी तिला परत पाठवलं. ती म्हणाली, "आवो, एवढ्या लांबून आले, चार तरी द्या." ते म्हणाले, "माझी खात्री न्हाई आता, बाई. दुसरीकडं बगा." ती रिकामी टोपली घेऊन उतरली तेव्हा मी तिथेच होतो, दुकानातून खिळे पोचवायला आलेलो. काकूंचा एक ब्लाउज त्यांनी तीनदा उसवला. शेवटी काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, मी बाजारातून आनते." ते मुकाट्यानं मशीनवर कापड टाकून उठले. लग्नात कोणाच्या कोटाला हात लावेनात. पुतणीच्या मुलांचे खांदे त्या दिवाळीला तसेच राहिले. आम्ही हसायचो ती सगळी विक्षिप्तपणाची झाडं एकेक करून वाळत होती, आणि पाणी तोडणारा मी होतो.

तुम्ही विचाराल, तेव्हा तरी का बोलला नाहीत? मी रोज बोलत होतो, दुकानात बसल्या बसल्या, मनात. मास्तर, तुमची बोटं ठीक आहेत, माझा खिसा चुकला. वाक्य तयार होतं. पण आधी एक चिंधी सांगायची होती, नंतर दोन चिंध्या, नंतर पातेलं, नंतर 'पांढरी' हा शब्द, नंतर त्या बाईची रिकामी टोपली. जितके दिवस जात तितकं सांगायचं वाढत गेलं. आणि खरं सांगायचं तर मास्तर मला अजून शेट म्हणत होते, डावीकडे बसवत होते. ते मला हवं होतं.

तिसऱ्या आखाडात, वाकड्याच्या जागी सोडलेल्या राखीव कोंबड्याची पिल्लं निवडीला होती. त्या कोंबड्यात काही दोष नव्हता, हे त्या अंगणात मला एकट्याला ठाऊक होतं. मास्तर पाटावर बसले, डोळे मिटले, आणि पहिल्याच कोंबड्यावर अडकले. बोटं खाली जात, वर येत. "सरळ हाय... न्हाई, जरा हाय... न्हाई." मग त्यांनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नसेल. डोळे उघडून कोंबडा माझ्याकडे धरला.

"शेट, तुमी बगा. वाकडं हाय का?"

मला त्यातलं काय कळतं? मी हाडावरून बोट फिरवलं. मला सरळ वाटलं. "सरळ आहे, मास्तर."

"तुमी मला बरं वाटावं म्हनून म्हनताय," ते म्हणाले. निवड तिथंच थांबली. एकाही पायाला चिंधी लागली नाही.

त्या वर्षी संवत्सरीच्या सकाळी मी फोन हातात घेतला होता, चित्र निवडलं होतं, पाठवायचं बाकी होतं. तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "शेट, तुमच्या कानावर घालतो. नाशिक रस्त्याच्या ढाब्यावाल्याची जीप दुपारी येनार हाय. सगळ्या दिऊन टाकतो. जाळी काडून न्यायला मानूस धाडा, कुनाच्या कामाला यील." मी विचारलं, सगळ्या? "सगळ्या. ज्येचं त्याला कळंना झालं, त्यानं कशाला धरून बसावं."

माझा त्या दिवशी उपास होता. मी पाणीही घेतलं नव्हतं. दुकान उघडं टाकून मी मोटारसायकलवर डिंगोऱ्याला गेलो. ओतूरच्या पुढे टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता अडला होता, आणि जीप माझ्या आधी पोचली असेल या भीतीनं मी शेताच्या कडेनं गाडी घातली. पोचलो तेव्हा जीप दारात उभी होती. ड्रायव्हर आणि एक माणूस कोंबड्यांचे पाय बांधत होते. सहा-सात जीपमध्ये टाकून झाल्या होत्या. मास्तर ओसरीवर पाठ करून बसले होते.

"थांबवा," मी म्हणालो. "मास्तर, थांबवा यांना. तुमची बोटं गेलेली नाहीत."

"बसा, शेट. पानी घ्या."

"मी चिंधी बदलली. दोन वर्षांपूर्वी. वाकड्या हाडाचा कोंबडा तुम्ही बाद केला होता. मी त्याला पांढरी बांधली. तुम्ही म्हणालात ना, पाच वर्षांत असा हाताला लागला नाही, त्याला मी लाल बांधली."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर कोंबडी हातात उलटी धरून ऐकत होता. मास्तरांनी मान वळवली नाही.

"का?"

"त्यानं माझ्या काखेत मान घातली, म्हणून."

"मंग त्यो चांगला?"

"तो... त्या दिवशी तुमच्या घरीच शिजला."

मास्तर हळूहळू उठले. मला वाटलं, हात उगारतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्यासमोर आले आणि फार खालच्या आवाजात म्हणाले, "कोंबडा गेला त्येचं काय न्हाई, शेट. चूक मानसाच्या हातनं व्हती. पन मी वरीसभर माज्या बोटांना शिव्या घातल्या. हिचा ब्लाउज उसवला. तुमी समोर बसून बगत व्हता. तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"म्हाईत व्हतं, आनि तुमी पिठलं खाऊन जात व्हता."

मी हात जोडले. ज्या शब्दांनी शंभर लोकांची एका बोटानं क्षमा मागता येते ते दोन शब्द तोंडातून निघेनात. मास्तर माझ्या बाजूनं पुढे गेले, जीपपाशी. ड्रायव्हरच्या हातातली कोंबडी त्यांनी घेतली, पायाची सुतळी सोडली, तिथंच उभ्याउभ्या डोळे मिटले. बोटं एकदा खाली उतरली. "सरळ," ते म्हणाले. दुसरी उचलली. "सरळ." तिसरी. बोटं थांबत नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, देनार हाय का न्हाई? आमाला मंचरला जायचंय." काकूंनी त्याला सांगितलं, "चहा घ्या भाऊ, आनि रिकामं जा." मग त्या माझ्याकडे वळल्या, आणि मला चहाचं विचारलं नाही.

मास्तर जीपमधल्या शेवटच्या कोंबडीपर्यंत पोचल्यावर मला म्हणाले, "तुमी आता जावा." मी गेलो. वाटेत कुठल्याशा विहिरीपाशी थांबून बराच वेळ उभा राहिलो. उपास सुटायला दुसरा दिवस उजाडावा लागणार होता.

वर्षभर त्यांचा फोन आला नाही, माझा गेला नाही. डिंगोऱ्याहून येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून कळत होतं तेवढंच. मास्तरांनी एका लग्नात नवरदेवाचा कोट मांडवात उसवून घेतला म्हणे. डिंभ्याकडची ती बाई अंडी घेऊन गेली म्हणे. मी बिलं करता करता ऐकत होतो आणि वर बघत नव्हतो.

यंदा आखाड लागला. पहिल्या रविवारी मला राहवलं नाही. बोलावणं नव्हतं. मी गाडी रस्त्यावर लावली आणि घराच्या कोपऱ्याशी, आवाज ऐकू येईल पण अंगण दिसणार नाही अशा ठिकाणी दगडावर बसलो. काकू मागच्या अंगाला पाणी टाकायला आल्या, त्यांनी मला पाहिलं. आत जाऊन त्यांनी सांगितलं असावं, कारण आतली कुजबुज क्षणभर थांबली. मला उठवायला कोणी आलं नाही. आत बोलवायलाही आलं नाही. चिंध्या कोण बांधत होतं, मला ठाऊक नाही.

मग तिसरी ट्रायल सुरू झाली असावी, कारण सगळं गप्प झालं. भिंतीपलीकडे एक कोंबडा मांडीवर ठेवला गेला, त्याची थोडी फडफड ऐकू आली, ती थांबली. इतक्या वर्षांत त्यांच्या निकालापासून मी एवढा लांब कधी बसलो नव्हतो.

"सरळ," मास्तर म्हणाले. मोठ्यानं, एकदाच, कोणाला काही न विचारता.